ट्रायल कोर्टात उभं राहायचंय, पण शिकायला पैसे नाहीत: नागपूरच्या लॉ विद्यार्थ्यांसाठी स्कॉलरशिपची वाट

जिल्हा न्यायालयाच्या जिन्यात लॉचे विद्यार्थी मला गाठतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. "मॅडम, मला ट्रायलच करायची आहे. साक्षीपुरावा, उलटतपासणी, हेच. पण घरी पैसे नाहीत. यासाठी वेगळी स्कॉलरशिप असते का?" जिन्यात उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही. बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, पुकारला की मला पळावं लागतं आणि ते पोर तिथेच राहतं. म्हणून सगळं सविस्तर इथे लिहिते आहे.

आधी खरं ते सांगते. अमेरिकेत ट्रायल वकिलांच्या संघटना स्वतः पैसे काढून खास ट्रायल ॲडव्होकसीच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देतात. आपल्याकडे सरकारी यादीत त्या नावाचा रकाना नाही. सरकार तुम्हाला प्रवर्ग, उत्पन्न, मार्क आणि प्रवेश कसा घेतला एवढंच विचारतं. तुम्ही उद्या सत्र न्यायालयात उभे राहणार की कंपनीत नोकरी करणार, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यामुळे पैसे दोन वाटांनी जमवावे लागतात. फी आणि राहण्याजेवणाचा खर्च सरकारी योजनांतून काढायचा. उरलेली तूट ट्रस्ट, समाजसंस्था आणि ज्येष्ठ वकिलांकडून भरून काढायची. ट्रायलची ओढ खऱ्या अर्थाने कामी येते ती या दुसऱ्या वाटेवर, आणि तिथे ती कागदावर दाखवावी लागते. ते कसं, हे पुढे येईलच.

प्रवेश घेतानाच पैशाचा निर्णय होतो

तीन वर्षांचं एलएलबी असो की पाच वर्षांचं, राज्यातल्या कॉलेजांचे प्रवेश सीईटी आणि त्यानंतरच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून होतात. कॅपमधून मिळालेली जागा आणि कॉलेजने स्वतःच्या कोट्यातून दिलेली जागा यांत वर्गात बसल्यावर काही फरक दिसत नाही. फरक कळतो तो महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, फॉर्म भरताना. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या बहुतेक फी सवलती कॅपमधून आलेल्यांनाच आहेत. पहिल्या फेरीत हवं ते कॉलेज मिळालं नाही म्हणून चिडून मॅनेजमेंट कोट्यात पैसे भरणारी मुलं मी पाहिली आहेत. तीन वर्षांची सवलत त्यांनी एका आठवड्यात घालवली. कॅपच्या सगळ्या फेऱ्या संपेपर्यंत थांबा. अलॉटमेंट लेटरची पीडीएफ ईमेलमध्येही ठेवा, पेनड्राइव्हमध्येही ठेवा. ती दरवर्षी लागते.

नागपुरात विद्यापीठाचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय आहे, खाजगी कॉलेजं आहेत, आणि वारंग्याला महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा प्रवेश क्लॅट या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतो आणि तिथली फी राज्यातल्या अनुदानित कॉलेजपेक्षा कितीतरी जास्त आहे. माझं मत विचाराल तर खालच्या कोर्टात वकिली करायचं पक्कं असेल, तर नावासाठी डोक्यावर कर्ज घेऊ नका. जिल्हा न्यायालयात न्यायाधीश तुमचं कॉलेज विचारत नाहीत, साक्षीदाराला काय विचारायचं ते विचारतात. मात्र क्लॅट चांगली गेली आणि फीची सोय झाली, तर जरूर जा. गरीब घरातल्या मुलांना क्लॅटची तयारी आणि नंतरचा खर्च यांत मदत करणारी इडिया नावाची संस्था आहे. प्रा. शामनाद बशीर यांनी ती 2010 मध्ये सुरू केली. बारावीला असाल तर तिच्याकडे आत्ताच चौकशी करा.

कागद आधी, फॉर्म नंतर

फॉर्म उघडल्यावर कागद गोळा करायला लागणारा विद्यार्थी शेवटच्या दिवशी सायबर कॅफेत बसलेला असतो. मे-जूनमध्येच ही फाइल तयार करा: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र), ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) किंवा भटक्या-विमुक्त प्रवर्गात असाल तर नॉन-क्रिमीलेयर, डोमिसाईल, रेशन कार्ड, दहावीपासूनच्या सगळ्या मार्कशीट, टीसी, आणि मध्ये एखादं वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. तीन वर्षांच्या एलएलबीला गॅपवाले विद्यार्थी खूप असतात. पदवीनंतर दोन-तीन वर्षं नोकरी करून आलेली ही मुलं नेमका हाच कागद विसरतात.

उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल दोन गोष्टी. तो साधारण 31 मार्चपर्यंतच चालतो, म्हणून जुना दाखला जोडून फॉर्म परत येतो. दुसरं, दाखला कुटुंबाच्या उत्पन्नाचा असतो. तुम्ही स्वतः कुठे पार्टटाइम कमावत असाल तर तेही खरं लिहा. पुढे बार कौन्सिलमध्ये सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मागायला जाणार आहात. खोट्या दाखल्याचं एक प्रकरण तुमच्या नावावर राहिलं, तर आधी वकील तुम्हालाच शोधावा लागेल. अर्ज शक्य तितका गावच्याच तहसीलीत करा आणि पावती सांभाळा. लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून लागू आहे. दाखला ठरलेल्या मुदतीत मिळाला नाही तर अपील करता येतं. लॉच्या विद्यार्थ्याने आयुष्यातलं पहिलं अपील स्वतःच्या दाखल्यासाठी करायला काय हरकत आहे?

आता बँक खातं. इथे मी स्वतः पोळले आहे, म्हणून थोडं थांबते.

मी भिवापूर तालुक्यातली. आई मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची साफ करायच्या जागी, देठ खुडायला जायची. दुसऱ्या वर्षी माझा अर्ज मंजूर झाला, पोर्टलवर पैसे दिल्याचं दिसलं, आणि माझ्या खात्यात एक रुपया आला नाही. कॉलेज म्हणे बँकेला विचार, बँक म्हणे कॉलेजला विचार. सात महिने मी मैत्रिणीच्या खोलीत पैसे न देता राहिले, आणि रोज सकाळी तिच्या आधी उठून पाणी भरायचे, तेवढंच माझ्या हातात होतं. शेवटी कळलं की काही वर्षांपूर्वी गावच्या शिबिरात माझं एक खातं उघडलं गेलं होतं आणि आधार त्याच खात्याला जोडलेलं होतं. सगळी रक्कम तिथे पडून होती. फॉर्मवर तुम्ही कोणताही खाते क्रमांक लिहा, थेट लाभाचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जातात. फॉर्म भरायच्या आधी बँकेत जाऊन विचारा, "माझं आधार एनपीसीआयला कोणत्या खात्याशी मॅप आहे?" हा प्रश्न याच शब्दांत विचारा. "आधार लिंक आहे का?" असं विचारलं तर काउंटरवरून "आहे" असंच उत्तर येतं. केवायसीला आधार दिलेलं असणं वेगळं आणि मॅपिंग, म्हणजे थेट लाभाचे पैसे कोणत्या खात्यात जायचे ही नोंद, वेगळी. खातं बंद पडलेलं नाही ना, हेही बघून घ्या.

कोणती योजना तुमची

एससी आणि एसटी विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हा पहिला आधार आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर फी आणि निर्वाह भत्ता दोन्ही मिळतात. एससीमध्ये उत्पन्न त्याच्या वर गेलं तर फ्रीशिप आहे, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. एससी शिष्यवृत्तीत फीची काही रक्कम आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि ती तुम्हाला कॉलेजात भरायची असते. खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली की घरच्या अडचणी आठवतात. त्या पैशाला हात लावू नका. फी थकली की पुढच्या वर्षीचा फॉर्म अडतो.

ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाडीबीटीवर वेगवेगळ्या योजना आहेत. प्रत्येकीची उत्पन्नमर्यादा निराळी आहे, म्हणून प्रोफाइल नीट भरा आणि पोर्टल कोणती योजना दाखवतं ते बघा. खुल्या प्रवर्गातल्या ज्या घरांचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिच्यात फीचा निम्मा भार उतरतो.

मुलींनी पुढचं वाक्य दोनदा वाचावं. 2024-25 या शैक्षणिक वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 100 टक्के माफ आहे. अट पुन्हा तीच, प्रवेश कॅपमधून हवा. 8 जुलै 2024 चा शासन निर्णय आहे. त्याची प्रत काढून जवळ ठेवा. ऑफिसमध्ये कोणी "आधी पूर्ण फी भरा, मग बघू" म्हणालं, तर आवाज न चढवता ती प्रत समोर ठेवा आणि लेखी उत्तर मागा.

बारावीनंतर थेट पाच वर्षांच्या कोर्सला गेलेल्यांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर केंद्राची एक योजना आहे. बारावीच्या बोर्डात आपल्या शाखेत 80 पर्सेंटाइलच्या वर असाल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर पहिली तीन वर्षं दरवर्षी 12,000 आणि चौथ्या-पाचव्या वर्षी प्रत्येकी 20,000 रुपये मिळतात. ही घेताना दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी चालत नाही. त्यामुळे कागदावर हिशेब मांडा आणि जी रक्कम मोठी भरते ती निवडा. एससी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची टॉप क्लास शिक्षण योजनाही आहे. तिच्यात निवडक संस्थांची यादी असते, आपल्या संस्थेचं नाव त्यात आहे का ते त्याच वर्षीच्या यादीत बघा.

राहणं आणि जेवण

फी माफ झाली तरी नागपुरात खोली आणि मेस यांचे पैसे दर महिन्याला लागतातच. आधी सरकारी वसतिगृहाचा अर्ज करा. तिथे जागा मिळाली नाही, तर त्या नकारावरच पुढच्या योजना उभ्या आहेत. एससी आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. नागपूरसाठी तिची ठरलेली रक्कम वर्षाला 60,000 रुपये आहे: भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000 आणि निर्वाहाचे 8,000. एसटी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्याचं किंवा नोंदणीकृत मजुराचं लेकरू असाल, तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना जरूर बघा, त्यात अशा घरांना जास्त रक्कम आहे.

स्वाधारमध्ये एक अट अशी की विद्यार्थी त्याच शहराचा रहिवासी नसावा. आधारवरचा पत्ता नागपूरच्या मामाचा असेल आणि घर उमरेडला, तर अर्ज तिथेच अडकतो. पत्ता आधी सुधारून घ्या. भाड्याच्या खोलीचा करारनामाही लागतो. घरमालक कागद करून द्यायला टाळाटाळ करतात, म्हणून खोली ठरवतानाच, ॲडव्हान्स द्यायच्या आधी विचारून घ्या. चौकशीसाठी श्रद्धानंद पेठेतलं सामाजिक न्याय भवन. सकाळी लवकर जा आणि ज्याने जे सांगितलं ते वहीत तारखेसह लिहून ठेवा.

फॉर्म पाठवला म्हणजे काम झालं असं समजू नका. तो कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या, मग विभागाकडे. दर आठवड्याला स्टेटस बघा. त्रुटी काढून फॉर्म परत आला तर दुरुस्तीची मुदत थोडी असते. आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरण आपोआप होत नाही, ते दरवर्षी स्वतः करायचं.

कोर्टात बसा आणि लिहा

इथून पुढचं खास ट्रायलवाल्यांसाठी. सरकारी योजना कोणीही सांगेल. हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

ट्रस्टचे विश्वस्त असोत की जुने फौजदारी वकील, ज्यांच्याकडे तुम्ही पैसे मागाल त्यांच्यासमोर "मला ट्रायलची आवड आहे" म्हणणारे बरेच जण आलेले असतात. त्यांना पुरावा लागतो. आणि विद्यार्थ्याकडे असू शकणारा सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे कोर्ट डायरी. बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमात एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खटले प्रत्यक्ष पाहून लिहायचे असतात, त्याला 30 गुण आहेत. बहुतेक जण सीनियर विद्यार्थ्याची वही उतरवतात. तुम्ही तसं करू नका. त्या दोन खटल्यांच्या जागी चाळीस दिवस लिहा.

खटला शोधायला मोबाइलवरचं ई-कोर्ट्स ॲप पुरतं. त्या दिवसाचा बोर्ड बघा, प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे ते बघा, आणि जिथे पुरावा सुरू आहे तिथे जाऊन मागच्या बाकावर बसा. न्यायालय खुलं असतं, बसायला परवानगी लागत नाही. मोबाइल मात्र बंद. काही खटले बंद दाराआड चालतात, तिथे बाहेर थांबा. मे महिन्यात जाऊ नका. दिवाणी कामकाजाला उन्हाळी सुटी असते, आणि नागपूरच्या त्या उन्हात दोन बस बदलून रिकाम्या कोर्टात पोहोचल्यावर जीव रडकुंडीला येतो.

माझ्या सीनियर रोज संध्याकाळी माझी वही मागायच्या. पहिल्याच आठवड्यात मी लिहिलं होतं, "साक्षीदार गैरहजर, पुढील तारीख."

"का गैरहजर?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही मॅडम."

"समन्स बजावलं होतं? बेलीफचा रिपोर्ट बघितला? रोजनाम्यात काय लिहिलंय?"

मी गप्प राहिले.

"साक्षीदार आला नाही हे तर पट्टेवाल्यालाही माहीत आहे. वकिलाला तो का आला नाही ते माहीत पाहिजे."

त्यानंतर माझी नोंद कशी असायची, ते नमुन्यादाखल देते. नावं आणि प्रकरण क्रमांक यात कधीच नसावेत.

"मारहाणीचा खटला. सरकारतर्फे साक्षीदार क्र. 4, शेजारी. सरतपासणीत सांगितलं की आरोपीच्या हातात काठी होती. बचावाच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारलं, पोलिसांनी घेतलेल्या जबाबात काठीचा उल्लेख केला होता का? साक्षीदार म्हणाला, केला होता, पण पोलिसांनी का लिहिला नाही ते सांगता येणार नाही. वकील तिथेच थांबले, पुढे एकही प्रश्न नाही. मला वाटलं आणखी विचारायला हवं होतं. संध्याकाळी कळलं: हे ओमिशन आहे, म्हणजे पोलिसांच्या जबाबात न आलेली गोष्ट, आता ते तपास अधिकाऱ्याकडून सिद्ध करून घ्यायचं. जास्त विचारलं असतं तर साक्षीदाराला खुलासा करायची संधी मिळाली असती. वाचायचं: नागरिक सुरक्षा संहिता कलम 180, 181, साक्ष्य अधिनियम कलम 148."

अशी तीस पानं ज्याच्या हातात आहेत, त्याला मुलाखतीत वेगळं काही सांगावं लागत नाही. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाल्यामुळे तर ही वही जास्तच मोलाची आहे. जुन्या प्रकरणांत जुनी कलमं आणि नव्यांत नवी, असं दोन्ही एकाच कोर्टात चालू आहे. दोन्ही क्रमांक लिहायची सवय लावा. आणि वही मराठीत लिहायला लाजू नका. खालच्या कोर्टातला जबाब मराठीत होतो. साक्षीदार नेमकं काय म्हणाला हे त्याच्याच शब्दांत पकडता येणं हीच या कामातली अर्धी कमाई आहे.

हजेरीचा तिढा मात्र आहे. बार कौन्सिलच्या नियमानुसार प्रत्येक विषयात 70 टक्के हजेरी लागते, शिष्यवृत्त्यांचीही हजेरीची अट असते, आणि कोर्ट भरतं ते दिवसाच. वर्ग बुडवून कोर्टात बसलात तर स्कॉलरशिपच जाईल. कॉलेज सकाळचं असेल तर दुपारचं सत्र धरा. नसेल तर आठवड्यातला एक ठरावीक दिवस आणि सेमिस्टरनंतरच्या सुट्या. तीन वर्षांच्या कोर्सला किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला 20 आठवडे इंटर्नशिप बंधनकारकच आहे. ते आठवडे एसी ऑफिसात फाइल लावण्यात घालवू नका, ट्रायल करणाऱ्या वकिलाकडे घालवा.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातही नाव नोंदवा. नालसाच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेत लॉचे विद्यार्थी सनद मिळेपर्यंत पॅरा लीगल व्हॉलंटियर म्हणून काम करू शकतात आणि कामाच्या दिवसांचं मानधन असतं. रक्कम फार नाही. पण तिथे समोर बसलेली बाई पोटगीच्या अर्जाचं विचारते तेव्हा तिचं म्हणणं मध्ये न तोडता ऐकून घेणं, त्यातून तारखा वेगळ्या काढणं, हे तुम्ही शिकता. पुढे साक्षीदार तयार करताना हेच लागतं.

ट्रस्टकडे अर्ज कसा करायचा

नागपुरात समाजसंस्था, धार्मिक न्यास, जुन्या वकिलांच्या नावाने कुटुंबीयांनी ठेवलेले निधी, कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचे गट, असे मदत करणारे बरेच आहेत. ते जाहिरात देत नाहीत. त्यांचा पत्ता कॉलेजच्या नोटीस बोर्डावर, ग्रंथपालांकडे आणि बार रूममध्ये लागतो. संस्था अनोळखी असेल तर तिची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे आहे का, ते तपासा. स्कॉलरशिप मिळवून देतो म्हणून कोणी आधी पैसे मागितले, तर तिथून निघा.

अर्ज दोन पानांचा पुरे. पहिल्या पानावर तुमचं म्हणणं आणि दुसऱ्यावर हिशेब. हिशेबात वर्षाची फी किती, सरकारी योजनेतून किती मिळालं, घरून किती येतं आणि तूट किती, हे सगळं स्वच्छ लिहा. मागायची ती तूट, त्यापेक्षा एक रुपया जास्त नाही. फीची पावती जोडा आणि रक्कम थेट कॉलेजच्या खात्यात भरली तरी चालेल असं लिहा. या एका ओळीने देणाऱ्याचा विश्वास किती वाढतो ते मी पाहिलं आहे.

म्हणणं लिहिताना "मला लहानपणापासून न्यायाची आवड आहे" अशी सुरुवात करू नका. ते कोणाच्याही तोंडी शोभेल. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीने तिसऱ्या खेपेला साधारण असं लिहिलं:

"मागच्या सहा महिन्यांत मी 31 दिवस जिल्हा न्यायालयात बसले. त्यातल्या 9 दिवशी पुरावा झाला, बाकी दिवशी तारखा पडल्या. तारीख का पडली ते मी प्रत्येक वेळी लिहिलं आहे. सर्वात जास्त वेळा कारण होतं समन्स न बजावलं जाणं. सनद मिळाल्यावर मला कच्च्या कैद्यांचे खटले चालवायचे आहेत, कारण तारीख पडली की घरी न जाणारा माणूस तोच असतो."

पहिल्या खेपेला तिने देशाची न्यायव्यवस्था, संविधान, समता असं दीड पान लिहिलं होतं. त्यातला शब्दन् शब्द तिच्या मनातला होता, पण ती स्वतः त्यात कुठे दिसत नव्हती. वरचा मजकूर वाचून विश्वस्तांनी तिला बोलावलं आणि वही आणायला सांगितली.

शिफारसपत्र ज्यांच्याकडे खरोखर काम केलं त्यांचंच घ्या. मोठ्या नावाच्या मागे लागू नका. "हुशार, होतकरू, प्रामाणिक" असं पत्र काही उपयोगाचं नाही. सरांना किंवा मॅडमना नम्रपणे विचारा की मी केलेल्या एखाद्या कामाचा उल्लेख कराल का, एखाद्या खटल्यातल्या तारखांचा तक्ता, एखाद्या मुद्द्यावरचे न्यायनिवाडे. आणि एक काळजी घ्या: विद्यार्थी वकिली करू शकत नाही. अर्जात "मी अमुक केसेस हाताळल्या" असं चुकूनही लिहू नका. समोर बसलेला वकील असेल तर तो तिथेच कागद बाजूला ठेवेल.

कर्ज घ्यावं का

शैक्षणिक कर्ज मी शेवटी ठेवते, कारण ट्रायलवाल्याची पहिली काही वर्षं कमाईची नसतात. कर्जाचा हप्ता साधारण कोर्स संपल्यावर वर्षभरात सुरू होतो, आणि तेव्हा तुम्ही कोणाच्या तरी मागे फाइल घेऊन उभे असता. हप्त्याच्या धाकाने चांगली माणसं ट्रायल सोडून गेली आहेत. घ्यायचंच झालं तर कमीत कमी घ्या. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी केंद्राची व्याज अनुदान योजना आहे, आपलं कॉलेज तिच्यात बसतं का ते बँकेत विचारा. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा.

सनद घेतल्यानंतरचे दोन-तीन उन्हाळे

या काळाची तरतूद विद्यार्थी असतानाच करावी लागते, म्हणून इथेच लिहिते. सनदेची फी पूर्वी हजारोंच्या घरात जायची. 30 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार प्रकरणात ठरवलं की कायद्यात आहे त्यापेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही: खुल्या प्रवर्गाला 750 रुपये, एससी-एसटीला 125. ऑल इंडिया बार परीक्षेची फी वेगळी असते, ती बाजूला काढून ठेवा.

ज्युनियरला पैसे द्यावेत की नाही यावर बार रूममध्ये अजून वाद होतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये स्टायपेंड द्यावा अशी शिफारस केली. ती सक्ती नाही. तरी सीनियर निवडताना पैशाचं बोलणं पहिल्याच भेटीत करा, त्यात उद्धटपणा काही नाही. "सर, मला महिन्याला खोलीभाडं आणि मेस एवढं तरी लागेल" असं सरळ सांगा. पैसे थोडे कमी पण साक्षीदार तुमच्या हाती देणारा सीनियर, आणि पैसे बरे पण वर्षभर फक्त तारखा घ्यायला पाठवणारा, यांत मी पहिला निवडेन. काहीच न देणाऱ्याकडे मात्र गरीब घरच्या मुलाने वर्षानुवर्षं राहू नये.

सर्वोच्च न्यायालयाच्या 20 मे 2025 च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली आवश्यक केली आहे. न्यायाधीश व्हायचं असलं तरी आता खालच्या कोर्टातूनच जावं लागणार. त्यामुळे चांगल्या ट्रायल वकिलांकडे ज्युनियर म्हणून यायला गर्दी वाढते आहे. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेआधीच जागा बोलून ठेवा.

आणि एका वाटेची माहिती फार कमी मुलांना आहे. विधी सेवा प्राधिकरणाची लीगल एड डिफेन्स कौन्सिल पद्धत 2022 पासून जिल्ह्याजिल्ह्यात आली. गरीब आरोपींचा बचाव करायला पूर्णवेळ वकील नेमतात आणि दरमहा मानधन देतात. त्यातलं असिस्टंटचं पद 0 ते 3 वर्षं अनुभव असलेल्यांसाठी आहे. खाजगी केसेस घेता येत नाहीत, पण जामीन, रिमांड, साक्षीपुरावा हे सगळं रोज पाहायला आणि करायला मिळतं. पद रिकामं झालं की जाहिरात जिल्हा न्यायालयाच्या आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर लागते आणि मुदत थोडीच असते. मुलाखतीला जाताना ती कोर्ट डायरी बरोबर न्या. माझी पहिली वही पावसात भिजून फुगली होती, शाई पसरली होती. तीच घेऊन मी सीनियरकडे काम मागायला गेले होते. त्यांनी मधलंच एक पान उघडलं आणि विचारलं, "इथे वकील का थांबले?"